वाणात मिळालेली पिशवी

आधी डॉक्टरबाईंचं सांगते. त्यांचं नाव लिहिणार नाही, त्यांना ते आवडायचं नाही. पण जे झालं ते त्यांच्यामुळे झालं, हे सुरुवातीलाच लिहून ठेवते. पुढे मी त्यांच्याबद्दल काही वाकडं बोलले, तर वाचणाऱ्यानं ते हेव्यापोटी आहे असं समजावं.

लंडनजवळच्या स्लाऊमधल्या ज्या रेस्टॉरंटात माझा नवरा तंदूर सांभाळायचा ते अचानक बंद पडलं. त्याच्या नोकरीवर त्याचा व्हिसा, आणि त्याच्या व्हिसावर माझा. मी नववीत शाळा सोडलेली बाई. सरकारी लिफाफा आला की तो उघडायच्या आधीच मला घाम फुटतो. तेव्हा महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत माझ्या शेजारी बसून काकडी चोचवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "अगं, तुझा हात का थरथरतोय?" मी सांगितलं. त्या आठवड्यातच त्या आम्हाला ओळखीच्या वकिलाकडे घेऊन गेल्या. नवऱ्याला इल्फर्डला दुसरं किचन मिळालं, व्हिसा वाचला. त्या बाई म्हणजे डॉक्टरबाई. तरुणपणी पुण्याहून इथल्या इस्पितळांत आल्या, इथेच रिटायर झाल्या. यजमान वारलेले, मुलगा अमेरिकेत.

पुढे पीआरसाठी मला इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यायची होती. ती पास झाल्याशिवाय इथं कायमचं राहता येत नाही. बाई म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात ये. तू पोळ्या लाट, मी शिकवते." त्या पेपर मोठ्यानं वाचायच्या आणि मी लाटता लाटता ते माझ्या इंग्रजीत सांगायचं. आता बाई पेपरमधलं काय वाचणार? अमेरिकेनं ग्वांतानामोच्या तुरुंगात माणसं कशी वर्षानुवर्षं खटल्याशिवाय ठेवली, अमेरिकेचे अणुबाँब इथल्या कुठल्या तळावर परत आले म्हणतात, हेच. त्यामुळे क्षेपणास्त्राच्या टोकावरच्या बाँबला वॉरहेड म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण दुकानात मेथी मागायची कशी ते येत नव्हतं.

बाईंचं म्हणणं साधं होतं. त्या म्हणायच्या, "हे दोन वेगळे विषय नाहीत गं. त्या तुरुंगात कोण आहे, कशासाठी आहे, विचारायचं नाही. इथल्या तळाच्या कुंपणाआड काय आहे, विचारायचं नाही. सरकार हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. मोठ्या देशाला कोणी विचारायचंच नाही, एवढीच त्यांची पॉलिसी." कैद्यांनी अन्न सोडलं तेव्हा त्यांना नळीनं जबरदस्तीनं भरवलं, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. "त्या खोलीत डॉक्टर होते. माझ्या धंद्यातले."

मला हे सगळं पटायचं का? खरं सांगायचं तर मला बाई पटायच्या. त्या माझ्याशी बोलतात, माझ्यासाठी खुर्ची ओढून बसतात, याचंच अप्रूप होतं. आईनंतर माझ्या बोलण्याकडे इतकं लक्ष कोणी दिलं नव्हतं.

आणि मग ती पोरगी आली.

बाईंच्या मैत्रिणीची नात. इथेच जन्मलेली, कायद्याचं शिकणारी, उंच, केस कापलेले. मराठी बोलायची हौस दांडगी, पण सगळं उलटंपालटं. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "ताई, तुमचा पोळी खूप मस्त झाला!" बाई खळखळून हसल्या. मी नववीपर्यंतच्या मराठीत कधी चुकले नव्हते, पण माझ्या पोळीवर बाई अशा कधी हसल्या नव्हत्या. त्या दिवसापासून पेपर तिच्या हातात गेला. ती भराभर वाचायची, बाई तिच्याशी वाद घालायच्या, आणि मी पोळपाटाशी. मध्येच बाईंना आठवण व्हायची, "हं, तू सांग बघू, काय वाचलं आत्ता?" तोवर गाडी चार स्टेशनं पुढे गेलेली असायची.

मला तिच्या इंग्रजीचा हेवा वाटायचा, तिच्या बुटांचा वाटायचा, सोफ्यावर पाय वर घेऊन बसण्याचा वाटायचा. सर्वांत जास्त हेवा वाटायचा तो तिच्या न घाबरण्याचा. तिचा लाल ब्रिटिश पासपोर्ट संपून निळा आला तेव्हा तिनं तो कंटाळून ड्रॉवरमध्ये टाकला होता म्हणे. ड्रॉवरमध्ये!

बाई आणि त्यांच्या काही इंग्रज मैत्रिणी मधूनमधून सफोककडच्या त्याच अमेरिकन हवाई तळाच्या गेटवर जाऊन उभ्या राहायच्या. दिवाळीनंतर एकदा मीही गेले. गेले म्हणजे गाडीत बसले. बाहेर बिटाची शेतं, वारा कान कापणारा, लांबच लांब कुंपण. पोरगी नारिंगी डगला घालून उभी होती, कैद्यांना घालतात तसा. बाई एका कागदावरून त्या तुरुंगातल्या माणसांची नावं वाचत होत्या. एकेक नाव नीट, हळू, पेशंटला हाक मारावी तसं. आणि मला, लिहायला संकोच वाटतो, त्या कैद्यांचाही हेवा वाटला. त्यांच्यासाठी अनोळखी बायका थंडीत उभ्या आहेत. देश सोडा म्हणून मला पत्र आलं असतं, मला विमानात बसवलं असतं, तर माझं नाव कोणी असं वाचलं असतं?

इतक्यात काचेवर टकटक झाली. पोलीस! उंच, लालबुंद नाकाचा. मला वाटलं, संपलं. पीआर गेला, नवऱ्याची नोकरी गेली, सगळं गेलं. मी काच चार बोटं खाली केली. तो म्हणाला, आज फार गारठा आहे नाही? मांडीवर डबा होता. मी घाबरून त्याला चकली दिली. त्यानं ती उलटसुलट बघितली, खाल्ली, छान आहे म्हणाला आणि निघून गेला.

गाडीकडे चहा प्यायला आलेल्या पोरीनं हे पाहिलं होतं. "बाईआज्जी, ताईनं पोलिसला लाच दिला!"

"दिली," मी म्हटलं.

"बघा, कबूल पण केला!"

बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. मी गाडीत बसून उरलेल्या चकल्या मोडत राहिले.

त्याच दुपारी ती पोरगी चार इंग्रज बायकांबरोबर गेटसमोर रस्त्यावर बसली, आणि उठायला सांगितल्यावर उठली नाही. तिला पकडून नेलं. परतताना गाडीत मी रडत होते आणि बाई मला समजावत होत्या, "अगं, तिला काही होत नाही." मला ते माहीत होतं. म्हणूनच तर रडत होते.

दुसऱ्या दिवशी ती बाईंकडे आली ती बक्षीस समारंभाहून आल्यासारखी. आत नेताना हक्क कसे वाचून दाखवले, वकील लगेच कसा मिळाला, शाकाहारी म्हटल्यावर चीजचं जेवण दिलं, पांघरूण दिलं, आईला फोन करू दिला, संध्याकाळी सोडलं. बाईंनी तिला जवळ घेतलं. मी भेंडी चिरत होते. माझ्या डोक्यात एकच: हिला पकडलं तर हिची शोभा वाढते, मला पकडलं तर माझं घर उठतं. आणि मग भेंडी चिरता चिरताच सुरी थांबली. ही पोरगी जे हसत हसत सांगतेय, पकडल्याचं कारण, वकील, फोन, घरी परत, तेवढंच तर ग्वांतानामोतल्या लोकांना दिलं नव्हतं! बाई एवढे महिने पेपर वाचून जे सांगत होत्या ते माझ्या डोक्यात शिरलं ते पोरीच्या हेव्यातून. मला तिचा हेवा वाटत होता ज्या गोष्टींसाठी, त्याच गोष्टी अमेरिका त्या माणसांना नाकारत होती. काहींना तर सोडायचं असं ठरल्यावरही वर्षं गेली. एका राष्ट्राध्यक्षानं बंद करतो म्हणून सही केली, तरी तो तुरुंग उघडाच. आणि आता तर परवान्याशिवाय राहणाऱ्या परदेशी लोकांनाही तिथं नेलं, हे बाईंनी वाचलं तेव्हा माझी पोळी तव्यावर करपली होती.

मी हे बाईंना सांगितलं नाही. पोरगी बोलत होती ना.

मग संक्रांत आली. बाईंचं हळदीकुंकू स्लाऊमध्ये ठरलेलं. यजमान गेल्यावरही त्यांनी ते बंद केलं नाही. पहिल्या वर्षी काही बायका कुजबुजल्या म्हणे, पण आल्या सगळ्या, कारण बाईंनी त्यांच्यातल्या निम्म्यांना बाळंतपणात धीर दिलेला. यंदा वाण काय लुटायचं, तर बाईंनी ठरवलं, कापडी पिशव्या. चांगल्या जाड. एका बाजूला मराठीत आणि इंग्रजीत छापलेलं, 'कारण सांगितल्याशिवाय कोंडू नका', दुसऱ्या बाजूला 'अणुबाँब कुठलाच नको'. हे मराठी शब्द माझे. बाईंनी विचारलं, मी पोळी भाजता भाजता बोलले, तेच छापलं. चित्र मात्र पोरीनं काढलं, उघड्या कुलपावर बसलेली चिमणी. आलेली प्रत्येक बाई म्हणाली, "अय्या, चिमणी किती गोड!" शब्द कोणाचे, कोणी विचारलं नाही.

मी तिळाच्या वड्या फिरवत होते. एकीनं पिशवी उलगडली आणि वाचली.

"अहो डॉक्टरकाकू, हे काय? आम्हाला वाटलं स्टीलची वाटी असेल."

"वाट्या झाल्या गं खूप. कपाट उघडलं की अंगावर पडतात."

"पण ही घेऊन मी ऑफिसला कशी जाऊ? आमच्याकडे अर्धे अमेरिकन."

"मग अर्ध्यांना वाचता येईल. इंग्रजीत पण आहे."

हशा झाला. दुसरी एक, जरा तिखट, म्हणाली, "आपण पोखरणला फोडले तेव्हा तुम्ही पेढे नाही खाल्ले?"

"नाही खाल्ले. ह्यांनी खाल्ले. त्यावरून आमचा अबोला होता."

मी खाल्ले होते. मी लहान होते, गल्लीत वाटले होते, दोनदा रांगेत उभी राहिले होते. ते मला आठवलं आणि वड्यांचं ताट जड वाटायला लागलं.

"आणि मुलगा कुठं आहे तुमचा?" तिखट बाईंनी सोडलं नाही. "अमेरिकेतच ना?"

"तिथंच. म्हणून तर बोलते. तेही माझंच घर झालं, नुसतं शेजारच्याच्या घराला कशाला नावं ठेवू? आणि इथलं तरी काय धुतल्या तांदळाचं आहे? विमानतळाजवळ परदेशी लोकांना कोंडतात त्या डिटेन्शन सेंटरमध्ये मी पेशंट बघितलेत. कधी सुटणार, त्यांनाही माहीत नसायचं. पण अमेरिका रोज जगाला शिकवते, कायदा पाळा, बाँब करू नका. आणि स्वतः? खटल्याशिवाय माणसं कोंडायची आणि जुने बाँब काढून नवे करायचे. शिकवणाऱ्यानं आधी गृहपाठ करावा."

"मला नको हे वाण," शेवटी ती तिखट बाई म्हणाली.

वाण परत करणं? सासूशी भांडलेली सूनसुद्धा सासूनं दिलेलं वाण परत करत नाही. बाजूच्या वयस्कर काकूंनी तिच्या मांडीवर हात ठेवला. "अगं, वाणाला नाही म्हणतात का? घे. आत चिमणी, बाहेर कोरं, असं उलटं करून वापर." आणि खरंच, निघताना बऱ्याच बायकांनी पिशव्या उलट्या करून काखेत मारल्या. पुढे कितीतरी दिवस सुपरमार्केटात कोणाच्या हातात आतली शिवण बाहेर आलेली पिशवी दिसली की मी ओळखायचे.

पण बायका निघायच्या आधी बाईंनी पोरीला सांगायला उभं केलं होतं, सगळं कशाबद्दल आहे ते. तिनं मराठीत सुरुवात केली. "म्हणजे कैदी आहे ना, ती खूप वर्ष आत बसला..." बायका हसायला लागल्या. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पोरगी लाल झाली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तू सांग गं. तुला सगळं येतं."

सगळ्या वळल्या. त्या घोळक्यात कोणाचा नवरा काऊन्सिलमध्ये, कोणाचा भाऊ सरकारी खात्यात. माझा अर्ज अजून जायचा होता. मी म्हटलं, "वड्या संपत आल्यात, आणते." आणि आत गेले. मागे पोरगी इंग्रजीत सुरू झाली. सुरेख बोलली. टाळ्या पडल्या. मी ओट्याशी उभी राहून त्या ऐकल्या. माझ्या जागेवर पडलेल्या टाळ्या.

परीक्षा त्यानंतर थोड्याच दिवसांनी होती. त्यात एक विषय आपण निवडायचा आणि त्यावर बोलायचं. नवऱ्यानं सांगितलं होतं, "सण घे. साडी, बांगड्या, तीळगूळ. कोणाला त्रास नाही." मी हळदीकुंकू घेतलं. परीक्षा घेणारी बाई पांढऱ्या केसांची, चष्मा गळ्यात अडकवलेली. टेबलावर रेकॉर्डिंग चालू. मी पाठ केलेलं म्हणत गेले. हळद, कुंकू, तीळ, गूळ. मध्येच तिनं मला थांबवलं. पाहुण्यांना भेट देतात म्हणालात, या वर्षी काय दिलं?

पाठ केलेल्यात मी स्टीलची वाटी लिहिली होती. तेवढं म्हणायचं होतं.

माझी पिशवी मांडीवर होती. उलटी. आत कागदपत्रं आणि एक केळं. का केलं ते मला अजून सांगता येत नाही. पण त्या क्षणी मला पोरीच्या टाळ्या आठवल्या आणि त्या हेव्यानंच माझे हात हलवले. मी कागदपत्रं काढली, केळं टेबलावर ठेवलं, पिशवी सुलटी केली आणि तिच्यापुढे धरली.

तिनं चष्मा लावला. वाचलं. आणि विचारलं, याचा अर्थ काय?

मग मी बोलले. माझं इंग्रजी लंगडत होतं, क्रियापदं कुठेही पडत होती. मी म्हटलं, माझ्या ओळखीची एक मुलगी आहे. तिला पोलिसांनी पकडलं. त्यांनी तिला कारण सांगितलं, वकील दिला, जेवण दिलं, संध्याकाळी घरी सोडलं. मला तिचा फार हेवा वाटतो. अमेरिकेनं एका बेटावर माणसं ठेवली, त्यांना यातलं काही दिलं नाही. जो बलवान आहे त्याला कारण सांगावं लागत नाही. बाँबचंही तसंच. माझ्या घराच्या अंगणात शेजाऱ्यानं सिलिंडर ठेवला तर मी विचारीन, हा भरलाय का? इथं विचारलं तर सांगत नाहीत. मी लहान असताना माझ्या देशानं बाँब फोडला तेव्हा मी पेढा खाल्ला. मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं, तर मी गप्प बसते, कारण मला भीती वाटते.

तिनं विचारलं, कशाची?

मी म्हटलं, तुमची.

ती हसली नाही. काहीतरी लिहिलं आणि वेळ संपली म्हणाली.

घरी नवऱ्यानं डोकं धरलं. "अगं, बांगड्यांवर बोलायला काय झालं होतं तुला? रेकॉर्ड झालंय ते! कोण ऐकेल, काय माहीत!" निकालापर्यंत आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही. दाराशी काही पडलं की तो माझ्याकडे बघायचा आणि मी ओट्याकडे.

पास झाले. ऐकण्यात, बोलण्यात, दोन्हीत. अर्ज गेलाय, उत्तर यायचंय, भीती आहेच.

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि जे बोलले ते सगळं परत बोलायला लावलं. एका ठिकाणी काळ चुकला होता, तो दुरुस्त केला. 'तुमची' या शब्दाशी आल्यावर त्या माझा हात धरून बसल्या. त्यांचा हात आता थरथरतो. गेले काही महिने त्यांना फार वेळ उभं राहवत नाही.

पोरीला त्यांनीच कळवलं असणार. तिचा फोन आला, "ताई, यू आर सो ब्रेव्ह, मला रडू आला." ती आता पुढच्या शिक्षणाला चाललीय, मानवी हक्कांवरच. मला पुन्हा हेवा वाटला, अगदी पहिल्यासारखा. तो जाईल असं वाटत नाही, आणि बाईंनीही तसं काही माझ्याकडून मागितलेलं नाही.

पण बाई, एक सांगून ठेवते. तुमच्यासमोर बोलायला जमत नाही, म्हणून इथं लिहिते. पक्का कागद हातात आला, की तुम्ही वाचता ती नावं मी वाचेन. तुम्ही चाकाच्या खुर्चीत शाल घेऊन बसायचं, मी तुमच्या शेजारी उभी राहीन, आणि प्रत्येक नाव नीट, न अडखळता घेईन. तुम्ही माझ्यासाठी केलंत ते एवढ्यानं फिटत नाही, हे मला कळतं. तरी मी फेडायला सुरुवात तिथून करीन. शब्द देते.